टाकी लावलेली ओळ

आमच्या गल्लीतल्या पिठाच्या चक्कीचे दगड गेल्या महिन्यात बाहेर काढले होते. दोन्ही दगड रस्त्याच्या कडेला उताणे पडलेले, पोटं गुळगुळीत झालेली, आणि चक्कीवाला त्यांच्यापाशी उकिडवा बसून वाट बघत होता. दगडांना टाकी लावणारा, म्हणजे छिन्नीनं ठोकून ते पुन्हा खरखरीत करणारा त्याचा माणूस दर थंडीत यायचा, तो यंदा आलाच नाही. दिवाळी होऊन गेली, इकडे मध्य प्रदेशात, कटनीत, सकाळी धुकं पडायला लागलं, आणि चक्की बंद. मी डबा घेऊन गेले तर तो म्हणाला, पीठ मिळायचं नाही, दगड नुसते एकमेकांवर घसरताहेत.

मी डबा खाली ठेवला आणि विचारलं, टाकी-हातोडी आहे का तुझ्याकडे?

हे मी कसं काय बोलून गेले, कोण जाणे. बारा वर्षं झाली, टाकी हातात धरली नव्हती. लग्न होऊन इकडे आले तेव्हापासून मी आमच्याच मुलखातून येऊन इथं चुन्याच्या भट्टीवर काम करणाऱ्या माणसाची बायको आहे, दोन लेकरांची आई आहे. माझा बाप दारोदार जात्यांना टाकी लावत फिरायचा हे इथं घराबाहेर कोणाला माहीत नाही. लपवलंय असं नाही. कोणी विचारलं नाही. चक्कीवाला आधी हसला, मग माझ्या तोंडाकडे बघून उठला आणि आतून हत्यारं घेऊन आला. मी पदर खोचला, मांडी घातली, डाव्या हाताच्या तळव्यानं दगड चाचपला आणि पहिला ठोका टाकला. टक. मग दुसरा. दहाव्या-बाराव्या ठोक्याला मनगट सैल झालं आणि हात आपोआप चालायला लागला. दगडाच्या भुकटीचा तो कोरडा, थोडा जळकट वास नाकात गेला, आणि कटनीची ती गल्ली कुठल्या कुठे गेली.

आमच्याकडे, बुलढाण्याच्या बाजूला, धाडच्या आसपासच्या गावांत, टाकीचा म्हणून एक हंगामच असायचा. दिवाळी सरली की ज्वारी पिवळी पडायची. कापसाच्या गाड्या जायच्या त्या वाटांवरच्या बाभळींना पांढरे पुंजके लटकलेले असायचे, जशी काही झाडालाच बोंडं फुटलीत. ज्वारी खळ्यातून घरात यायच्या आत प्रत्येक बाईला आपलं जातं धारदार करून हवं असायचं. नव्या ज्वारीची पहिली भाकर गुळगुळीत दगडावर दळलेल्या पिठाची झाली तर घरातली माणसं बाईला बोलायची, आणि बाई आम्हाला. म्हणून बा पहाटेच निघायचा. खांद्यावर हत्यारांची पिशवी, मागे मी. गावाच्या तोंडाशी आला की तो गळा खाकरायचा आणि आवाज द्यायचा, "टाकीऽऽ लावाची का जात्याले, पाट्यालेऽऽ!" तो "पाट्याले" असा लांबवायचा की शेवटच्या घरातलं कुत्रंसुद्धा उठून बसायचं.

दिवसाला चार-पाच जाती व्हायची. संध्याकाळी माझ्या पापण्या पांढऱ्या झालेल्या असायच्या. बायका हसायच्या, "आली वं म्हातारी!" ताजी टाकी लावलेल्या जात्यात पहिल्यांदा मूठभर कोंडा दळून तो फेकून द्यायचा, त्यात दगडाची कच असते, हे बा प्रत्येक बाईला सांगायचा, दर वर्षी, त्याच बाईला, त्याच शब्दांत. मला लाज वाटायची. आता वाटतं, कोणाच्या लेकराच्या दाताखाली आपल्या कामाची कच येऊ नये याची एवढी काळजी करणारा माणूस मी नंतर फार पाहिला नाही.

बाची एक शिकवण होती. "दगड बोटानं पाहाचा, पोरी. आधी बोट, मंग टाकी." त्याला तसं म्हणणं भागही होतं. वर्षानुवर्षं कच उडून त्याचे डोळे अधू झाले होते. मी चौथी पास झाले त्याच वर्षी आई वारली, आणि माझी शाळा सुटली ती तेव्हाच. वानखडे गुरुजी घरी आले होते. पोरगी हुशार आहे, फुकट घालवू नको, असं बाला म्हणाले. बा त्यांना ओट्यावर बसवून म्हणाला, "हाव गुरुजी. पन माहे डोळे म्हंजे आता हे पोरगीच हाये. थे शाळेत गेली तं म्या जाऊ कसा?" गुरुजी उठून शाळेकडे गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या पेटीतलं एक पुस्तक पाठवून दिलं, आणि पुढं दर महिन्याला पाठवत राहिले. मी आज दोन ओळी लिहिते आहे त्या त्या पेटीमुळे. महाराष्ट्र होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. शाळेच्या फळीवर नव्या राज्याचं नाव रंगवलेलं होतं आणि रंग ओघळून खालच्या भिंतीवर आला होता; मी येता-जाता ती फळी वाचायची, नुसती वाचायला मिळते म्हणून.

ज्या हंगामाबद्दल लिहायला बसले तो माझ्या सोळाव्या-सतराव्या वर्षीचा.

गावाबाहेर रखमाकाकूंचं शेत होतं. काकूंचा नवरा लवकर गेलेला, एकटीनं शेती करायच्या, बैल स्वतः जुंपायच्या, आणि तोंडानं इतक्या फटकळ की कोतवालसुद्धा त्यांच्या बांधावरून जाताना विडी विझवायचा. त्यांच्या खळ्याच्या मधोमध मेढ होती. मेढ म्हणजे मळणीचे बैल जिच्याभोवती फिरतात तो खांब. सगळ्यांची मेढ बाभळीची असते, काकूंची दगडाची होती. छातीइतकी उंच, वर आठ बाजूंची, खाली चौकोनी. कोणी रोवली हे कोणाला ठाऊक नव्हतं. काकू म्हणायच्या, "माह्या सासऱ्याच्या सासऱ्यानं रोवली," आणि सासऱ्याचा सासरा म्हणजे नेमका कोण, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. दर वर्षी मळणीच्या आधी खळं सारवताना काकू मेढीलाही शेणमातीचा जाड लेप द्यायच्या, वर गेरूचे पट्टे ओढायच्या, टोकाला ज्वारीच्या कणसांचा तुरा बांधायच्या. मग चप्पल काढून सगळे खळ्यात. बैल फिरायचे, कणसं चुरडायची, बैलांचा दोर मेढीला घासत राहायचा. रास मोजताना पहिल्या मापाला एक म्हणायचं नसतं, लाभ म्हणायचं असतं. काकू ते इतक्या हळू म्हणायच्या की जणू मेढीलाच सांगतात.

त्या वर्षी पावसानं माती खचून मेढ कलली. दगडाचं काम म्हणून काकूंनी बाला बोलावलं. आम्ही बुडाशी खणायला लागलो. हातभर खणलं तेव्हा वर्षानुवर्षांच्या लेपाचा एक मोठा पापुद्रा सुटला आणि पडला. त्याच्या मागं अक्षरं होती.

अक्षरं म्हणजे आपली नव्हेत. काठी, चूल, कासरा, उभा माणूस अशी काहीतरी चित्रं वाटावीत तशी. पण एका ओळीत, एका उंचीची, एकमेकांपासून सारखी अंतर राखून. मी पुष्कळ दगड पाहिले होते. दगडाला आपोआप अशा खुणा पडत नाहीत. कोणीतरी बसून, मांडी घालून, टाकीनं, आमच्यासारखंच. मी हात लावला आणि मला एकदम रडू आलं. का ते तेव्हा कळलं नाही.

बा म्हणाला, "काय हाये वं?"

"अक्षरं हायेत, बा."

"कोनाची?"

काकू वरून ओरडल्या, "कोनाची म्हंजे? माह्या खळ्यातली हायेत, माहीच!"

गुरुजींना बोलावलं. ते शाळा सोडून धावत आले, धोतराचा सोगा हातात धरून. त्यांच्या घरी बुद्धाची तसबीर होती आणि एका पुस्तकात अशाच अक्षरांचं चित्र होतं, ते मी पाहिलेलं. गुरुजी खड्ड्यात उतरले, गुडघ्यांवर बसले आणि बराच वेळ नुसतं बघत राहिले. मग म्हणाले, "हे फार जुनं आहे. फार म्हणजे फार. मला वाचता येत नाही. पण ज्यांना येतं त्यांना मी लिहितो." त्या रात्रीच त्यांनी नागपूरला कोणा संशोधकांना पत्र टाकलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं: मी स्वतः येतो, तोवर दगडाला कोणी हात लावू नये.

दगडाला हात लावू नये. गुरुजींनी ते आम्हाला वाचून दाखवलं होतं, मी कबूल करते. पण आमच्या घरी हात लावणं आणि काम करणं या दोन निराळ्या गोष्टी होत्या. हे मी आज शहाणपणानं सांगतेय असं नाही, तेव्हा खरंच तसं वाटायचं.

ते वाट बघण्याचे दिवस अजून आठवतात. सगळं गाव कोणा एकाची वाट बघत होतं, आणि कोणाला त्याचं नावही माहीत नव्हतं. ज्वारी कापून पडली होती, मळणी थांबली होती, काकू दिवसातून तीनदा गुरुजींना विचारायच्या, "तुमचा सायेब येते का मी दगडाले बैल बांधू?" पारावर पैजा लागल्या. कोणी म्हणे धनाची जागा लिहिली आहे, कोणी म्हणे देवीचं नाव. गुरुजी मनातून काय आशा धरून होते ते मला कळत होतं. ते बोलून दाखवत नसत. आणि मी रोज जात्यांच्या कामावरून येताना वाकडी वाट करून खळ्यात जायची. खालच्या तीन ओळी मातीत होत्या म्हणून स्वच्छ होत्या, कालच कोरल्यासारख्या. सगळ्यात वरची ओळ मात्र दोर घासून घासून इतकी पुसट झाली होती की ऊन तिरपं असलं तरच दिसायची. एरवी डोळ्यांना नाहीच, बोटांनाच लागायची.

मला त्या ओळीची काळजी वाटायची. साहेब एवढ्या दूरून येणार, आणि त्यांना ही ओळ दिसलीच नाही तर? पाहुणे येणार म्हणून माणसं अंगण सारवतात, भांडी घासतात, लेकरांची तोंडं धुतात. आणि झिजलेल्या दगडाचं काय करायचं असतं हे मला लहानपणापासून एकच माहीत होतं.

एका दुपारी काकू कापूस वेचायला गेल्या होत्या. मी बाच्या पिशवीतली सगळ्यात बारीक टाकी घेऊन खळ्यात गेले. आधी बोट. पहिलं अक्षर मी डोळे मिटून दहा वेळा चाचपलं, मग त्याच खाचेतून टाकी फिरवली, अगदी हळू, सुईनं काटा काढावा तशी. अक्षर उमटलं. काय सांगू, कसं वाटलं! दुसरंही तसंच. दोन जमली म्हणून तिसऱ्याला मी माजले. बोट न लावताच, नजरेच्या अंदाजानं टाकी लावली. एक कपचा उडाला. मी घाबरून थांबले. तिथं काय होतं ते आता दगडावरही नव्हतं आणि माझ्या बोटातही नव्हतं. पुढची तीन अक्षरं मी पुन्हा नीट चाचपून केली. सहावं पुरं झालं तेव्हा मागं बाची सावली पडली.

त्यानं हात पुढं करून ओळ चाचपली. ताज्या दगडाची धार त्याच्या बोटाला लागली. तो मला मारेल असं वाटलं. त्यानं फक्त माझ्या हातातली टाकी काढून घेतली आणि म्हणाला, "हे तुवा नाही केलं. म्या केलं. समजलं?"

साहेब आले ते धाडपर्यंत मोटारीनं आणि पुढं गुरुजींबरोबर बैलगाडीनं. बारीक, गोरे, धुळीनं लाल झालेले, हातात कागदांची लांब नळी आणि एक जाड कुंचा. गावातल्या पोरांना वाटलं रंग द्यायला आलेत. साहेबांनी बूट खळ्याच्या बाहेर काढले, कोणी न सांगता. काकूंना ते फार आवडलं. मग ते मेढीपाशी वाकले. खालच्या ओळी बघताना त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. वरच्या ओळीवर आले आणि थांबले. खिशातून चष्मा काढला, लावला, काढला.

"हे कोणी केलं?"

खळ्यात पंचवीसेक माणसं होती. गुरुजींनी डोळे मिटून घेतले. पत्र त्यांनी पाठवलं होतं, जबाबदारी त्यांची होती.

बा पुढं झाला. "म्या केलं, सायेब. दगड झिजला का टाकी लावाची, हे आमचं कामच हाये. पोलिसात देता तं मले द्या."

साहेब खाली जमिनीवर बसले. तसेच, भुश्यात. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मूळ अक्षराच्या कडा गेल्या. आता इथं काय होतं हे कोणालाच सांगता यायचं नाही. आणि दान देणाऱ्याचं नाव बहुतेक याच ओळीत असणार."

तेवढ्यात रखमाकाकू मागून तडकल्या, "या आंधळ्यानं केलं? याले भाकरीतला खडा दिसत नाही, सायेब! परवा माह्या जात्याले सोडून उखळाले टाकी लावाले बसला होता. हा कोरते होय अक्षरं?"

माणसं हसली. अशा वेळीही हसली. आणि त्या हसण्यात सगळ्यांच्या माना हळूहळू माझ्याकडे वळल्या, कारण बाच्या मागं आणखी कोण असणार? मी म्हणाले, "सायेब, मी केलं. दिसत नव्हतं म्हून केलं. तुमाले वाचता यावं म्हून."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. असं पाहिलं की ते मी अजून विसरले नाही. त्यात दया नव्हती, राग नव्हता, एक घाई होती. "कोरायच्या आधी हात लावला होतास का? बोटानं?"

"हाव."

"मग तुझ्या बोटाला काय लागलं होतं ते मला काढून दाखव. आत्ताच्या आत्ता. तुझ्यानंतर ते मूळ अक्षर कोणाच्या हाताला लागलेलं नाही."

त्यांनी आपल्या हातानं भुसा बाजूला सारला, माती सपाट केली. मी बसले. खळ्यात एवढी शांतता मी रास मोजतानाही ऐकली नव्हती. मी डोळे मिटले आणि पहिलं अक्षर काढलं. साहेबांनी वहीत उतरवून घेतलं. दुसरं काढलं. "वा," ते म्हणाले, आणि मला बाचा सुटलेला श्वास ऐकू आला. मग तिसरं.

तिसरं मला माहीत नव्हतं.

माहीत नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण मी डोळे उघडले तर समोर बा होता, आपल्या अधू डोळ्यांनी माझ्या बोटाकडे बघणारा, आणि तोंडावर असं काहीतरी उजळलेलं की मी ते विझवू शकले नाही. मी एक अक्षर काढलं. शोभेल असं. दोन काठ्या आणि खाली एक आडवी. मग पुन्हा डोळे मिटून पुढची तीन काढली, ती खरी होती.

साहेबांनी पाणी मागवलं. ओला कागद दगडाला चिकटवून कुंच्यानं ठोकत ठोकत ठसा घेतला, त्यावर शाई फिरवली, आणि काळ्या कागदावर पांढरी अक्षरं वर आली. ते लोकांना सोप्या भाषेत सांगत होते की हा खांब दीड-दोन हजार वर्षांपूर्वी कोणा एका बाईनं दान दिलेला आहे, भिक्खूंसाठी असावा, आणि ती अमक्याची मुलगी अशी ओळख खाली दिली आहे. बाईनं! बायकांच्या घोळक्यात एक कुजबूज उठली. गुरुजी उभ्या उभ्या रडत होते आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते. ते दान ज्या धर्मातलं होतं तो त्यांच्या घरात पुन्हा आला त्याला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. मी त्या सगळ्या आनंदात बसले होते, आणि मला तेवढ्यातच कळून चुकलं होतं की त्या बाईच्या नावात मी एक खोटं अक्षर घातलंय.

दगड शाळेच्या आवारात न्यायचं ठरलं तेव्हा काकू आडव्या आल्या. "दगड तुमी न्या. मंग माहे बैल कोनाभवती फिरतीन? गुरुजीभवती?" शेवटी गावानं त्यांना चांगल्या बाभळीची मेढ करून दिली. दगडाच्या गाडीपुढं काकू स्वतः चालल्या. त्यांनी त्याला तुरा बांधला होता. दर वर्षीसारखाच.

साहेबांनी जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बाला म्हणाले, "तुमच्या मुलीची बोटं सांभाळा." बानं पुढची चार वर्षं ते वाक्य प्रत्येक गावात, प्रत्येक ओट्यावर सांगितलं. कोंड्याच्या सूचनेनंतर लगेच. मी मान खाली घालून टाकी चालवायची; लोकांना वाटायचं, पोरगी लाजते.

लग्न झालं, कटनीला आले. पहिल्याच वर्षी गुरुजींचं पत्र आलं: साहेबांनी त्या खांबावर इंग्रजीत लेख छापला आहे, त्याची प्रत शाळेच्या कपाटात ठेवली आहे, त्यात लिहिलंय की वरच्या ओळीतली अक्षरं एका टाकी लावणाऱ्या मुलीच्या स्पर्शाच्या आठवणीवरून दिली आहेत. "तुझं नाव सातासमुद्रापार गेलं, बाई." मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आता ते छापलं गेलं होतं. लोक ती बाई कोण म्हणून वाचतील, आणि माझ्या दोन काठ्या वाचतील. यांना मी सांगितलं तर हे म्हणाले, "दोन हजार वर्सांपूर्वीची बाई थे. तिले काय फरक पडते?" पण मी बाई आहे. आमची नावं तशीही फार ठिकाणी कोरलेली नसतात. एकीचं कोरलं गेलं, इतकी वर्षं दोराखाली तगलं, आणि माझ्या हातात येऊन मोडलं.

दर थंडीत वाटायचं, साहेबांना लिहावं. दर थंडीत वाटायचं, लिहिलं तर बाचं ते वाक्य खोटं पडेल. बा जाऊन आता दोन वर्षं झाली.

त्या दिवशी चक्कीचा दगड करताना हात दगडावर बसला आणि अचानक पहिलं अक्षर बोटात आलं. काही न आठवता. दुसरं आलं. मी टाकी थांबवली आणि वाट पाहिली. मग चौथं, पाचवं, सहावं, सगळी जशीच्या तशी, इतक्या वर्षांनी. तिसऱ्याच्या जागी काहीही नाही. नुसता सपाट दगड. चक्कीवाला म्हणत होता, भाभी, काय झालं, लागलं का? मी त्याचा दगड पुरा करून दिला, पहिलं पीठ फेकून दे म्हणून सांगितलं, घरी आले, हात धुतले आणि पोरीच्या वहीतला कागद फाडून साहेबांना पत्र लिहिलं. पत्ता गुरुजींच्या जुन्या पत्रात होता. फार लिहिलं नाही. तिसरं अक्षर मला माहीत नव्हतं, मी मनानं काढलं, मला माफ करा, ते खोडून टाका. एवढंच. पेटीत टाकलं आणि तेव्हापासून रोज पोस्टमन दिसला की मी हातातलं काम टाकून दारात जाऊन उभी राहायची.

काल उत्तर आलं. अक्षर थरथरतं आहे, साहेब म्हातारे झाले असणार. त्यांनी लिहिलंय:

"तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, पण खोडण्यासारखं काही नाही. पाच अक्षरं तुम्ही डोळे मिटून काढलीत. तिसरं तुम्ही डोळे उघडे ठेवून, वडिलांकडे बघत काढलंत. मी ते त्याच वेळी पाहिलं. वहीत त्या जागी प्रश्नचिन्ह केलं, आणि छापील लेखातही ते तसंच आहे; गुरुजींकडची प्रत पाहिलीत तर दिसेल. त्या दिवशी तुम्हाला सगळ्यांसमोर विचारणं मला बरं वाटलं नाही. उरलेल्या पाच अक्षरांवर मात्र मी आजवर कधी शंका घेतलेली नाही."

मी पत्र दोनदा मोठ्यानं वाचलं. हे भट्टीवरून आले होते, हातपाय धुऊन बसले होते, ऐकत होते. पोरगी दारात उभी होती.

"म्हंजे त्याईले पयल्या दिवसापासूनच माहीत होतं?"

"हाव."

"आन् तू इतके वर्स कायले जीव जाळून राह्यली होती वं?"

मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकाच वेळी. पोरगी घाबरली. मी तिला जवळ घेतलं आणि सांगितलं की आपल्या गावाकडे एका बाईचं नाव दगडावर आहे, ते अजून पुरं वाचता आलेलं नाही. ती म्हणाली, मग आपण जाऊन वाचू. मी म्हटलं, जाऊ. पण त्यातलं एक अक्षर कोणालाच माहीत नाही, मलाही नाही, आणि तिथं गेलो की कोणी विचारलं तर तू हेच सांगायचं.